काळ्या दगडात आटे बसवताना : पंप आणि कडबाकुट्टीच्या पक्क्या बैठकीसाठी



कार्यक्रमात हा विषय दहा मिनिटांत आटोपावा लागला. मापं नुसती ऐकून ध्यानात राहत नाहीत, आणि इथे माप चुकलं तर दगड फुटतो. म्हणून हे पत्रक. जपून ठेवा, आणि काम करायच्या दिवशी लेथवाल्याला किंवा गवंड्यालाही वाचून दाखवा.

भोर आणि वेल्हे (आता कागदोपत्री राजगड तालुका) या भागात यंत्राला बैठक करायची म्हटली की सिमेंटचा चौथरा घालण्याआधी नजर जाते ती दगडावर. नदीकाठी कातळ उघडा असतो, गोठ्यात बापजाद्यांनी आणून टाकलेली फरशी असते. त्यात चार भोकं पाडावीत, बोल्ट ठोकावेत, यंत्र आवळावं, की झालं काम. विचार चांगला आहे. चौथऱ्याचा खर्च वाचतो, आणि काळ्या दगडासारखा भक्कम पाया विकत आणू म्हटलं तरी मिळत नाही. पण बोल्ट दगडात कशाच्या जोरावर धरतो, हे समजल्याशिवाय भोक पाडू नये.

माझीच चूक आधी सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात गुंजवणी काठच्या एका गावात पाच अश्वशक्तीचा पंप कातळावर बसवायचा होता. दुकानातून फुगणारे फास्टनर आणायला मीच सांगितलं. कातळाचा तुकडा पाण्याच्या बाजूला सरळ तुटलेला होता आणि दोन बोल्ट त्या कडेपासून जेमतेम तीन बोटांवर आले. मी म्हटलं, काळा दगड आहे, काय होतंय! पान्याला पाइप लावून बोल्ट कचकचून आवळले. तिसऱ्या रात्री पंप चालू असतानाच कडेचा टवका निघाला, चौकट कलली, पाइपाचा जोड उखडला आणि मोटर पाण्यात गेली. माणूस जवळ नव्हता हे नशीब. पण गव्हाला ओंबी धरायच्या वेळचं पाणी आठ दिवस चुकलं. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

पुढे त्याच गावात एका वयस्कर पाथरवटाने तो टवका हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बोल्ट न्हाई बसवला, पाचर मारली. आम्ही दगड असाच तर फोडतो."

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे. वडार-पाथरवट मोठा धोंडा फोडतात तेव्हा टाकीने ओळीत भोकं घेतात, त्यात लोखंडी पाचरी बसवून सुतकीने एकेक घाव देत जातात. पाचर आडवी रेटते आणि दगड ओळीवर उकलतो. पूर्वी काही ठिकाणी कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून वर पाणी घालत, लाकूड फुगलं की दगड उकलत असे. आता जाते आठवा. वरच्या तळीच्या भोकात लाकडी खुंटा ठोकलेला असतो. तोसुद्धा आडवा रेटूनच धरतो, फक्त रेटा बेताचा असतो. म्हणजे धरणं आणि फोडणं ही एकाच जोराची दोन रूपं आहेत.

दगड दाब सोसण्यात राजा आहे, पण ओढ सोसण्यात गरीब. दाबाची जेवढी ताकद, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी ओढीची. फास्टनरचा नट आवळला की त्याची खालची पाचर वर सरकते आणि बाहेरचं कवच फुगून भोकाच्या भिंतीला रेटतं. भोवती भरपूर दगड असेल तर तो हा रेटा पचवतो. एका बाजूला कड जवळ असेल तर तिथे दगडाला ओढ बसते आणि तो उघडतो. वर यंत्राची थरथर सतत चालू असते, ती उरलेलं काम पुरं करते.

भिंतीत फुगून धरणारी खुंटी ही कल्पना तशी जुनी नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास ती काढली. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींना इजा न करता विजेचं सामान बसवायचं होतं, त्यासाठी. पहिल्या खुंट्या तागाच्या धाग्याच्या होत्या. आपल्याकडचे मिस्त्री आजही 'रावळ प्लग' म्हणतात तो शब्द तिथूनच आला. पण ती युक्ती दिवे-बटणं टांगण्यासाठी होती, कडबाकुट्टीसाठी नव्हे. तिचे मोठे लोखंडी भाऊ आता यंत्रालाही वापरतात. मात्र त्यांना चहूबाजूंनी जागा लागते.

म्हणून थरथरणाऱ्या यंत्रासाठी माझं मत स्पष्ट आहे : रेटून धरणारा बोल्ट टाळावा, चिकटून धरणारा वापरावा. आणि तोही उभा गज न ठेवता आत आटे पाडलेली नळी दगडात पुरावी. लेथवाला तिला बुश म्हणेल. नळी दगडाच्या पातळीला राहते, बोल्ट वरून येतो आणि काढला की जागा सपाट.

हे आपल्या भागाला का सोयीचं, ते सांगतो. नदीकाठचा पंप मृगाच्या आधी काढावाच लागतो. कातळात उभे बोल्ट राहिले तर पुरात ओंडके-झुडपं येऊन ते वाकवतात, उरलेल्यांचे आटे गंजून जातात, आणि कार्तिकात पंप बसवायला गेलं की नट चढत नाही. भाटघरच्या, म्हणजे येसाजी कंक जलाशयाच्या फुगवट्यावर तर पाणी उन्हाळ्यात खाली खाली जातं आणि पंपही त्यामागून उतरवावा लागतो. तिथे उतारावर दोन-तीन टप्प्यांत नळ्या पुरून ठेवल्या की चार बोल्ट सोडायचे, चौकट खाली न्यायची, चार बोल्ट आवळायचे. (पाणी उचलायचा पाटबंधारे खात्याचा परवाना मात्र आधी हवा. नळ्या पुरल्या म्हणून पाण्यावर हक्क येत नाही.) गोठ्यातही उभा गज म्हणजे जनावराच्या पायाला आणि पोरांच्या गुडघ्याला कायमची धास्ती.

दगड पारखावा कसा?

तोरण्याच्या माथ्यापासून नीरेच्या पात्रापर्यंत आपला सगळा दगड एकाच कुळातला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून थिजले, त्याचा हा बेसाल्ट. पण सगळा सारखा नाही. एकेका थराचा मधला भाग घट्ट आणि वरचा भाग बुडबुड्यांमुळे छिद्राळ असतो. ती छिद्रं पुढे पांढऱ्या खनिजाने भरतात. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. तांबूस, पांढरे ठिपके असलेला, टाकीला भुसभुशीत लागणारा दगड आटे बसवायला नको. बारीक दाण्याचा, करडा-काळा, जड दगड निवडावा.

हातोडीने ठोकून पाहा. ठणठण वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा तडा आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. दगड स्वच्छ धुऊन ओला करा आणि वाळू द्या. सगळा सुकला तरी एखादी रेघ ओली राहते, ती शीर समजा. शिरेपासून वीतभर दूर राहावं. कडेपासूनही वीतभर. चिकटवलेली नळी त्याहून कमी जागेत भागवते, पण मी एकदा पोळलो आहे.

सुटा दगड असेल तर वजनही पाहा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि नऊ इंच जाड अशी काळ्या दगडाची शिळा सुमारे पावणेदोनशे किलो भरते. मोटरवरच्या लहान कडबाकुट्टीला ती जमिनीत निम्मी गाडून पुरते. डिझेल इंजिनाला पुरत नाही. तिथे बैठक इंजिनाच्या तीन-चार पट वजनाची हवी.

आणि एक विनंती. गावाबाहेर, देवळामागे कोरीव दगड पडलेले दिसतात. त्यात वीरगळ असतात, सतीशिळा असतात. सपाट आणि जड म्हणून ते उचलून गोठ्यात आणू नयेत, त्यांना भोकं पाडू नयेत. किल्ल्यांचे चिरे तर नाहीच. राजगड जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांमधल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला आहे. पण त्याआधीही हे चूकच होतं.

नळी आणि भोक

चार सुती, म्हणजे १२ मिलिमीटरच्या बोल्टासाठी २० मिलिमीटर जाडीच्या गोल सळईचा १०० मिलिमीटर लांब तुकडा घ्या. वरच्या तोंडाकडून ४० मिलिमीटर खोल आटे पाडून घ्या. खालचं तोंड बंदच राहू द्या, नाहीतर चिकटवण आतून वर येऊन आटे भरतं. बाहेरच्या अंगाला लेथवर दर बोटाएवढ्या अंतरावर खाचा मारून घ्याव्यात. गुळगुळीत नळीला नुसता चिकटपणाचा आधार राहतो, खाचांत मसाला शिरला की तो अडकूनही धरतो. नदीकाठी आणि गोठ्यात स्टेनलेसची सळई परवडते. साधं लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाहून किती तरी जास्त जागा मागतो, आणि पुन्हा तीच पाचर! जुन्या ओट्यांवर कठड्याचे गज जिथे पुरलेले असतात तिथेच दगड तडकलेला दिसतो, तो यामुळे. गोठ्यात गोमूत्राने हे लवकर होतं.

भोक २४ मिलिमीटरचं आणि ११० मिलिमीटर खोल. ठोका देणारं रोटरी हॅमर भाड्याने आणावं. साध्या घरगुती ड्रिलने या दगडात बिट जळतं. यंत्र अंगाने दाबू नका, त्याला आपल्या ठोक्याने जाऊ द्या आणि मधूनमधून बिट बाहेर घेऊन पीठ काढा. डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क. नुसता ओला रुमाल पुरेसा नाही, बारीक पीठ त्यातून छातीत जातं.

आता या कामातली सर्वांत जास्त हयगय होते ती जागा, भोक साफ करणं. भोकाच्या भिंतीला पीठ राहिलं तर मसाला दगडाला चिकटतच नाही, पिठाला चिकटतो. वरून काही कळत नाही. नळी घट्ट बसल्यासारखी वाटते आणि पहिल्या थरथरीत निघून येते. तोंडाने फुंकू नका, डोळ्यात जाईल. सायकलच्या पंपाला बारीक नळी जोडून ती तळापर्यंत घाला आणि हवा मारा. मग बाटली धुण्याचा तारेचा ब्रश फिरवा. पुन्हा हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. पीठ यायचं थांबेपर्यंत. पाथरवटाने टाकीने हाताने पाडलेलं भोक खरखरीत असतं, ते धरायला उलट चांगलं. पण त्यालाही ही सफाई चुकत नाही.

मसाला कोणता?

पूर्वी शिसं ओतत. सिंधुदुर्गाच्या पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात, आणि जुन्या कामांत लोखंड दगडात बसवायला शिशाचा वापर सगळीकडे होता. शिसं मऊ, ठोकून बसतं, दगडाला रेटत नाही. पण ३२७ अंशांवर वितळलेलं शिसं ओलसर भोकात पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. शिवाय ते विष आहे; त्याची धूर-धूळ माणसाला बाधते आणि चाटलं तर जनावराला. घरी हा उद्योग करू नये, गोठ्यात तर नाहीच.

स्वस्तातला मार्ग सिमेंटचा. त्याला भोक मोठं हवं, ४० मिलिमीटरच्या आसपास, आणि आकार तांब्यासारखा : तोंड अरुंद, पोट मोठं. पाथरवटाला सांगितलं की तो बरोबर करतो. दगड आदल्या दिवसापासून ओला ठेवा, पण भरताना भोकात पाणी साचलेलं नको. सिमेंट आणि बारीक चाळलेली वाळू समभाग घ्या. पाणी इतकंच की मूठ वळेल. थोडं थोडं घालून सळईने ठासा. सात दिवस ओलं गोणपाट ठेवा आणि यंत्र महिन्याने चालू करा. गोठ्यातल्या कडबाकुट्टीला हे पुरतं, घाई नसेल तर. घाई असते हीच अडचण.

नदीकाठी मात्र मी इपॉक्सीचा मसाला सुचवतो. दुकानात केमिकल अँकर म्हणून मागा. भांडी-पाइप सांधायचा मसाला इथे चालत नाही. डब्यावरची मुदत पाहा आणि ओल्या भोकात चालतो का, तेही वाचा. काही जातींचा मसाला ओलीत निम्मासुद्धा धरत नाही. सगळ्यात बरं म्हणजे हे काम दिवाळीनंतर, कातळ वाळल्यावर करावं. बंदुकीतून येणारा पहिला वीतभर मसाला टाकून द्या, त्यात दोन भाग नीट मिसळलेले नसतात; रंग एकसारखा आला की सुरुवात करा. तोंड तळाला टेकवून भरत भरत वर या, वरून ओतलात तर खाली हवा अडकते. भोकाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग भरला की पुरे. नळी फिरवत फिरवत आत न्या. काठावर मसाला थोडा वर आला म्हणजे आत पोकळी नाही. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावायचा नाही. थंडीत तो वेळ वाढतो. हातात रबरी मोजे घाला, इपॉक्सी कातडीला बाधतं.

चार नळ्या एका मापात आणि ओळंब्यात बसवण्याची युक्ती सांगतो. पंपाच्या चौकटीची भोकं फळीवर उतरवून घ्या. फळीला खालून प्लॅस्टिकचा कागद लावा. चारही नळ्या ग्रीस लावलेल्या बोल्टांनी फळीखाली टांगा आणि फळी एकदमच दगडावर ठेवा. नळ्या आपोआप सरळ राहतात आणि बोल्ट आत असल्याने आट्यांत मसाला जात नाही. फळीखाली नळीच्या डोक्यावर एक पातळ वॉशर घातलं की नळी दगडाच्या पातळीहून एक-दोन मिलिमीटर खाली बसते. तशीच हवी. नळी वर आली तर यंत्राचा पाय दगडावर न टेकता नळीवर टेकतो आणि सगळा भार मसाल्यावर येतो. नळीच्या बाहेरच्या अंगाला मात्र ग्रीसचा डाग नको. ग्रीसचा हात लागला असेल तर थिनरने पुसा.

यंत्र चढवण्यापूर्वी ओढून पाहा. नळीच्या तोंडाहून मोठ्या भोकाचा पाइपाचा तुकडा तिच्याभोवती दगडावर उभा करा, वर जाड पट्टी, पट्टीतून बोल्ट. साध्या पान्याने आवळा, पान्याला पाइप लावायचा नाही. नळी तसूभरही वर आली, तर ती बाद. हे आज कळलेलं बरं.

यंत्राचे चारही पाय दगडावर टेकतात का, ते बोल्ट सैल असताना बघा. तीन टेकतात आणि चौथा अधांतरी, असंच बहुधा असतं. तो बोल्टाने खाली ओढलात तर ओतीव लोखंडाचा पाय तडकतो किंवा नळी उपटते. फटीत लोखंडी पत्रा कापून सारा. लाकडाची चिप नको, ती दबते आणि बोल्ट ढिला पडतो. बोल्टाने नळीच्या आट्यांत निदान दीड बोट शिरावं. स्टेनलेसमध्ये स्टेनलेस बोल्ट असेल तर ग्रीस लावल्याशिवाय फिरवू नका, आटे एकमेकांना चावून जाम होतात. आवळून झाल्यावर बोल्टाच्या डोक्यावरून चौकटीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. रोज सकाळी नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली की यंत्र बंद.

कडबाकुट्टीच्या बाबतीत यात हयगय नको. चाक फिरत असताना बैठक हलली की वैरण लोटणारा हात तोल सांभाळायला पुढे जातो, आणि पुढे पाती असतात. हे काम घरात बहुतेक बायाबापड्या आणि शाळेतून आलेली पोरं करतात. बोल्ट आवळताना पट्टा उतरवा किंवा मोटरची वायर काढून ठेवा.

आणखी एक गैरसमज. यंत्र कातळात पुरलेल्या बोल्टाला घट्ट बसलं, म्हणजे अर्थिंग झालं असं काही जण धरून चालतात. कोरडा दगड आणि इपॉक्सी दोन्ही वीज अडवतात. मोटरच्या अंगात करंट उतरला तर तो जमिनीत जाणार नाही, तुमच्या हाताची वाट पाहील. अर्थिंगची वेगळी तार आणि वेगळा खड्डा हवाच.

मृगाआधी पंप काढाल तेव्हा नळ्या उघड्या सोडू नका. गाळ आणि वाळू एकदा आट्यांत बसली की टॅप फिरवल्याशिवाय निघत नाही. आत ग्रीस भरा, आखूड बोल्ट हाताने बसवा आणि त्यावर थोडं मेण लावा. जागा ओळखायला काठावरच्या पक्क्या झाडापासूनची पावलं मोजून वहीत लिहून ठेवा, कारण पुरानंतर कातळावर हातभर गाळ असतो आणि चार नळ्या शोधण्यात अर्धा दिवस जातो.